सोयीचे असत्य

कोणाचे भले व्हावे म्हणून त्याला खोटे सांगावे काय, हा प्रश्न तत्त्वज्ञानाच्या वर्गात दरवर्षी निघतो आणि दरवर्षी अनिर्णित राहतो. जर्मन तत्त्वज्ञ कांट याने १७९७ साली एका छोट्या निबंधात त्याचे कठोर उत्तर देऊन ठेवले आहे : खून करायला आलेल्या माणसाने दार ठोठावून ‘तुझा मित्र आत आहे का’ असे विचारले, तरी त्याच्याशी खोटे बोलण्याचा हक्क तुम्हाला नाही. आपल्याकडे धर्मराजाचा रथ जमिनीपासून चार बोटे वर चालत असे आणि एका अर्ध्या असत्याने तो खाली टेकला, ही कथा लहान मुलेही जाणतात. मी धारवाडला एम.ए.साठी तत्त्वज्ञान घेतले होते; पुढची सारी वर्षे शाळेत गेली. हा प्रश्न मला पुन्हा भेटला तो शाळेच्या कचेरीत, संगणकासमोर. एका चित्रावर उजवी कळ दाबली, ‘प्रॉपर्टीज’ उघडले, त्यात ‘कंपॅटिबिलिटी’ नावाचे एक पान निघाले, आणि तिथे प्रश्न मांडलेला होता : ‘ही आज्ञावली कोणत्या काळात चालली आहे असे तिला सांगू?’ शब्द असे नव्हते. अर्थ मात्र हाच.

ज्यांच्या घरी हे यंत्र रोजच्या वापरात आहे त्यांनी पुढचा परिच्छेद ओलांडला तरी चालेल. संगणकावरची कोणतीही आज्ञावली स्वयंपूर्ण नसते. तिला स्मृतीत जागा हवी, छापायला प्रिंटर हवा, आजची तारीख हवी. आणि हे सारे ती यंत्राच्या कार्यप्रणालीकडे, म्हणजे आपल्या बहुतेकांच्या बाबतीत विंडोजकडे, मागून घेते. मागण्याची आणि देण्याची एक रीत ठरलेली असते. कार्यप्रणाली बदलली की रीत बदलते आणि जुनी आज्ञावली उंबऱ्यातच अडखळते. २००१ साली आलेल्या विंडोज एक्सपीने यावरची तोड सामान्य माणसाच्या हाती दिली. त्या कंपॅटिबिलिटीच्या पानावर विंडोज ९५, ९८, एनटी ४ किंवा २००० यांपैकी एक निवडायचे. खाली आणखी बारीक खुणा असतात : रंग २५६ च दाखव, पडदा ६४० गुणिले ४८० ठिपक्यांचाच ठेव. खूण केल्याने आज्ञावलीत काडीचाही फरक पडत नाही. फरक पडतो तो तिला मिळणाऱ्या उत्तरांत. ‘तू कोणती विंडोज?’ असे तिने विचारले की एक्सपी बेधडक सांगते, ‘मी ९५.’

ही विद्या एक्सपीने शोधली असे नव्हे. १९९१ च्या एमएस-डॉस ५ मध्ये ‘सेटव्हर’ नावाची आज्ञाच होती. कोणत्या आज्ञावलीला कोणता आवृत्तिक्रमांक सांगायचा याची यादी तिच्यात ठेवलेली असे. विंडोज ९५ चा खरा क्रमांक ४.०, पण जुन्या सोळा-बिटी आज्ञावल्यांना ती आपला क्रमांक ३.९५ सांगे. कारण मोठे गमतीचे आहे. अनेक आज्ञावल्यांना किमान ३.१० हवी असे. पण तपासताना त्यांच्या कर्त्यांनी दोन आकडे वेगवेगळे तपासले : टिंबाआधी ३ किंवा जास्त आहे ना, आणि टिंबानंतर १० किंवा जास्त आहे ना? आता ४.० मध्ये टिंबानंतर शून्य. म्हणजे नवी कोरी विंडोज या आज्ञावल्यांना ‘फार जुनी’ वाटे आणि त्या काम नाकारीत. दहावीच्या गुणपत्रिकेवाचून पदवीधराचा अर्ज परत करणारे कारकून आपण पाहिले आहेत. त्यातलाच हा प्रकार. त्यांना शहाणे करण्यापेक्षा ३.९५ सांगणे सोपे होते.

याहून पुढची एक हकिकत जोएल स्पॉल्स्की या अमेरिकन प्रोग्रॅमरने २००० साली लिहिली. ‘सिमसिटी’ हा शहर वसवण्याचा खेळ तेव्हा फार लोकप्रिय होता. त्याच्या विंडोजवरील आवृत्तीत एक चूक राहून गेली होती : स्मृतीतली जागा परत केल्यानंतरही तो खेळ तिथले वाचत असे. घर रिकामे करून चावी दिली, तरी टपाल बघायला जुन्या घरी जावे तसे. जुन्या विंडोजमध्ये ती जागा लगेच दुसऱ्या कोणाला दिली जात नसे, म्हणून चूक खपून गेली. विंडोज ९५ मध्ये खेळ कोसळू लागला. मायक्रोसॉफ्टच्या लोकांनी चूक शोधली आणि कार्यप्रणालीतच तजवीज केली : सिमसिटी चालू आहे असे दिसले, तर परत आलेली जागा लगेच कोणाला द्यायची नाही. एका भाडेकरूच्या विसरभोळेपणासाठी वाड्याचा नियम बदलला! यात धंद्याचा हिशेब होताच. नवी विंडोज घेतलेल्या माणसाचा आवडता खेळ बंद पडला, तर तो दोष खेळाला देत नाही, विंडोजला देतो. हिशेबातून झालेले चांगले काम कमी चांगले ठरते काय, हा दुसरा प्रश्न कांटलाच विचारावा. असो.

कोणी म्हणेल, आज्ञावली म्हणजे काही माणूस नव्हे. तिच्याशी खोटे बोलले तर पाप कुठले? हे खरेच आहे. पण आज्ञावलीच्या पलीकडे माणसे असतात. तिच्यावर पंचवीस वर्षे बोटे बसवलेला कारकून असतो, तिच्यात ज्यांची नावे आहेत ती माणसे असतात. नव्या व्यवस्थेने जुन्याला काय सांगावे हे ठरवणारे एका बाजूला आणि निमूट बसणारे दुसऱ्या बाजूला, असा तो संबंध आहे. तो नीतीचाच विषय आहे.

माझ्या आत्याची गोष्ट सांगतो. तिचे यजमान तंबाखूच्या वखारीत होते. ते वारल्यानंतर दहा वर्षांनी तिची स्मृती ढासळली. रोज दिवेलागणीला ती विचारी, ‘वखारीतनं आले का?’ पहिल्या दिवशी घरातल्या कोणीतरी खरे सांगितले. त्या बाईला वैधव्य नव्याने आले आणि ती रात्रभर रडली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रश्न. तेव्हा माझी आई म्हणाली, ‘येतील हो वन्सं, आज काट्याला वेळ लागतोय.’ आत्या जेवली आणि झोपली. पुढे तीन वर्षे घरात हेच उत्तर चालले. मी त्या वेळी कांट वाचत होतो. आईला दोष देण्याचे मला सुचले नाही, आणि आजही सुचत नाही.

आपल्या शास्त्रांनी या कोंडीतून काढलेली वाट मला अधिक जवळची वाटते. शंकराचार्यांच्या परंपरेत सत्याच्या पायऱ्या मानल्या आहेत : प्रातिभासिक, व्यावहारिक, पारमार्थिक. आणि दुसरी कल्पना अधिकारभेदाची : ऐकणाऱ्याची जेवढी तयारी, तेवढे सांगावे. संगणकाच्या जगात मला ही कल्पना जशीच्या तशी सापडली, तेव्हा मौज वाटली. २०१३ च्या विंडोज ८.१ पासून असे झाले आहे की, आज्ञावलीने आवृत्ती विचारली की विंडोज तिला ६.२ म्हणजे विंडोज ८ चा क्रमांक सांगते, मग यंत्रावर ८.१ असो की १०. मात्र आज्ञावलीसोबत ‘मॅनिफेस्ट’ नावाचे एक निवेदन जोडता येते. मला विंडोज १० ठाऊक आहे, तिच्यासाठी मी तयार आहे, एवढे त्यात लिहिले असेल तर तिला खरा क्रमांक मिळतो. ज्याने सत्य पेलण्याची तयारी सांगितली त्याला सत्य, बाकीच्यांना सोयीचे उत्तर. यातली सरसकट खोटे सांगण्याची बाजू मला फारशी आवडत नाही. पण मागणाऱ्याला सत्य नाकारले जात नाही, ही मोठी गोष्ट आहे. माझ्या आत्यापाशी असे निवेदन नव्हते.

आता आमच्या कचेरीचे सांगतो, कारण हा सारा विचार तिथूनच निघाला. १९९३ च्या सुमारास गावातल्याच एका होतकरू तरुणाने आमच्या शाळेला डॉसवरच्या फॉक्सप्रोत एक आज्ञावली लिहून दिली. दाखल-खारीज नोंदी, जन्मतारीख, आधीची शाळा आणि शाळा सोडल्याचा दाखला असे तिचे काम. नावे मराठीत होती. त्यासाठी यंत्रात जिस्टचे कार्ड बसवले होते. आयआयटी कानपूरमध्ये उगम पावलेले आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकने वाढवलेले हे तंत्र. काळ्या पडद्यावर देवनागरी उमटली तेव्हा आम्ही शिक्षक तास सोडून बघायला गेलो होतो. पुढे विद्यार्थ्यांच्या नोंदी सरकारी व्यवस्थेत गेल्या आणि ते यंत्र कोपऱ्यात गेले. ऑगस्ट २०१९ मध्ये वेदगंगेला पूर आला, कचेरीत पाणी शिरले आणि जनरल रजिस्टरचे काही खंड लगदा होऊन निघाले. माळ्यावर ठेवलेल्या त्या जुन्या संगणकाची डिस्क तेवढी कोरडी राहिली. १९९३ ते १९९८ या वर्षांतल्या मुलांची जन्मतारीख आणि नाव यांचा आमच्याकडचा पुरावा आता तेवढाच आहे.

सीमाभागात नावाचे महत्त्व काय, हे या अंकाच्या वाचकांना सांगायला नको. घरी एक उच्चार, शाळेत दुसरे लेखन, शिधापत्रिकेवर कानडीतून आलेले तिसरे, पासपोर्टावर इंग्रजी चौथे. कुठे अडले की माणूस शाळेच्या दाखल्यापाशी येतो, कारण बापाने सांगितलेले नाव पहिल्यांदा तिथे लिहिले गेले. मुलगा चाळिशीचा होऊन दारात उभा राहतो आणि म्हणतो, ‘सर, माझं आडनाव शाळेत कसं होतं?’

एका विक्रेत्याने यंत्र पाहून ‘भंगारात टाका’ असा सल्ला दिला. आमचे कारकून कुलकर्णी नव्हेत की देशपांडे नव्हेत, पण चिकाटी दप्तरदाराची. त्यांनी आधी कंपॅटिबिलिटीच्या खुणा करून पाहिल्या. उपयोग नव्हता, कारण चौसष्ट-बिटी विंडोज सोळा-बिटी आज्ञावली चालवूच शकत नाही. तिथे सोंग घेण्याचीही सोय नाही. बत्तीस-बिटी विंडोज १० मध्ये ‘एनटीव्हीडीएम’ नावाचा जुना दुवा घालता येई. तिथे ‘कॉन्फिग.एनटी’ या धारिकेत ‘फाइल्स’ पुढचा आकडा वाढवावा लागे, कारण फॉक्सप्रो एकाच वेळी पुष्कळ धारिका उघडते. पण विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ चौसष्ट-बिटीच निघते. राहिला ‘डॉसबॉक्स’.

डॉसबॉक्स २००२ साली प्रथम आला. ते संगणकाच्या आत उभे केलेले जुन्या संगणकाचे सोंग आहे. ‘माउंट सी’ असे लिहून एखादे कपाट दाखवायचे. आतली आज्ञावली त्याला जन्मभर सी ड्राइव्हच समजते. पण मला विचार करायला लावणारी खूण होती ‘सायकल्स’ची, म्हणजे वेगाची. जुन्या आज्ञावल्या नव्या यंत्रावर अडतात त्या दर वेळी यंत्र कमी पडते म्हणून नव्हे. ते फार वेगवान असते म्हणूनही अडतात. टर्बो पास्कलमध्ये लिहिलेल्या पुष्कळ आज्ञावल्या सुरू होताना यंत्राचा वेग मोजत : घड्याळाच्या एका ठोक्यात, ५५ मिलिसेकंदांत, एक फेरा किती वेळा होतो ते पाहायचे आणि ५५ ने भागायचे. सुमारे २०० मेगाहर्ट्झच्या पुढची यंत्रे आली आणि भागाकार त्याच्या ठरल्या घरात मावेनासा झाला. पडद्यावर ‘त्रुटी २००, शून्याने भागाकार’ असे येई. कोणी शून्याने भागले नव्हते. नवे फार जोरात धावले, इतकेच. डॉसबॉक्समध्ये कंट्रोल दाबून एफ११ दाबत गेले की वेग उतरत जातो, एफ१२ ने चढतो. म्हाताऱ्या माणसाबरोबर चालताना आपण पाऊल आखडतो तसे ते आहे. यात खोटे काहीच नाही. आहे ती केवळ सवड.

डॉसच्या आज्ञावलीचा आणखी एक स्वभाव म्हणजे सारे यंत्र आपल्या एकटीचेच आहे, असे ती धरून चालते. कळ दाबली का, कळ दाबली का, असे अखंड विचारत बसते. रिकामी असली तरी यंत्र तापवते. जुन्या विंडोजमध्ये तिच्यासाठी ‘आयडल सेन्सिटिव्हिटी’ची एक पट्टी होती. बाई रिकामी बसली आहे हे किती लवकर ओळखून तिचा वेळ दुसऱ्याला द्यायचा, ते त्या पट्टीवर ठरे. तिला न दुखवता. एकत्र कुटुंबात वाढलेल्यांना यात नवे काही नाही.

पण जुन्याला सामावून घेण्याला हद्द आहे, आणि ती याच खिडकीत खाली लिहिलेली आहे. ‘ही आज्ञावली अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा’ अशी एक खूण असते. ती केली की पुष्कळ अडलेल्या आज्ञावल्या झटक्यात चालतात, म्हणून जो तो ती करतो. मला ती पटत नाही. तिचा अर्थ, साऱ्या घराच्या किल्ल्या देऊन टाकणे. २००७ साली सर्वांसाठी आलेल्या व्हिस्टाने याहून शहाणी तोड काढली होती : जुनी आज्ञावली सामायिक कपाटात लिहायला गेली, की तिचे लिखाण गुपचूप त्या त्या माणसाच्या खासगी कोनाड्यात वळवायचे. तिला वाटते कपाटात लिहिले; घर सुरक्षित राहते. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या घातक आज्ञावलीने जगभर यंत्रे बंद पाडली आणि ब्रिटनमधली सरकारी रुग्णालयेही अडली. ती पसरली ते ‘एसएमबी १’ या, धारिका वाटून घेण्याच्या जुन्या रीतीतल्या दोषातून. दुरुस्ती मार्चमध्येच निघाली होती. ती न बसवलेली यंत्रे सापडली. पण ती जुनी रीत नव्या यंत्रांतही चालू ठेवलेली होती, ती जुन्यांच्या सोयीसाठी. माझ्या आत्याला वखारीचे उत्तर देणाऱ्या घरात पुढे जमिनीच्या कागदावर तिचा अंगठा घ्यायची वेळ आली. ‘यजमानांनीच सांगितलंय’ असे म्हणून अंगठा घेऊ, असे एकाने सुचवले. आईने त्याला ओसरीवरून उठवले. तेच खोटे, तीच आत्या. पण खोटे आता दुसऱ्याच्या सोयीचे झाले होते.

ॲपल कंपनीने दुसरी वाट धरली. जुन्या मॅकच्या आज्ञावल्या इंटेलच्या यंत्रावर चालाव्यात म्हणून ‘रोझेटा’ नावाचा दुभाषी दिला आणि २०११ च्या लायन आवृत्तीत तो काढून घेतला. २०१९ च्या कॅटालिनात बत्तीस-बिटी आज्ञावल्याच बंद केल्या. मुदत देऊन दार लावायचे. यातही एक प्रामाणिकपणा आहे हे मी मान्य करतो. पण मुदत देणाऱ्याला ठाऊक नसते की एखादी आज्ञावली लिहिणारा तरुण केव्हाच परदेशी गेला आहे आणि तिच्यातल्या नावांना दुसरा वाली नाही.

आमच्या जिल्ह्यात हे आपण एकदा पाहिलेले आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबई राज्यातली गावे म्हैसूर राज्यात गेली. दप्तरांतले मोडी कागद जिथल्या तिथे राहिले. मोडी तर त्याच सुमारास शाळांतूनही गेली. अजून जमिनीचा जुना दावा निघाला की मोडी वाचणारा माणूस शोधावा लागतो. तो जुन्या काळात राहत नाही, आपल्यासारखाच मोबाइल वापरतो. कागदापुरता तेवढा त्या काळात जाऊन येतो. तो नसला तर कागद असूनही मुका.

डॉसबॉक्समध्ये आमची आज्ञावली चालली. तारखा दिसल्या, क्रमांक दिसले. नावांच्या जागी मात्र उभ्याआडव्या रेघा, चौकटींचे कोपरे आणि मधूनच एखादे ग्रीक अक्षर. डॉसबॉक्स घड्याळ, स्मृती, सी ड्राइव्ह यांचे सोंग आणतो; जिस्टच्या कार्डाचे आणत नाही, आणि ते कार्ड बसवायची खाचच नव्या यंत्रांत नसते. पण रेघा अर्थहीन नव्हत्या. नावे ‘इस्की’ या भारतीय संकेतात साठवलेली होती, १९९१ मध्ये प्रमाण ठरलेल्या. त्यात अक्षराचा आकार नव्हे, वर्ण साठवतात : आधी व्यंजन, मग स्वरचिन्ह, उच्चाराच्या क्रमाने. पुढे युनिकोडने देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावरूनच घेतली. म्हणून ‘क’ची उभी रेघ नेमक्या ‘क’वर नेता आली. आमच्याच एका माजी विद्यार्थ्याने त्यासाठी छोटी आज्ञावली लिहिली आणि चार संध्याकाळींत नावे परत आली. त्याच काळात फॉन्टच्या जोरावर टंकलेली आमची परिपत्रके मात्र अजून अडली आहेत. तिथे अक्षराचे तुकडे साठवलेले; दांडा वेगळा, पोट वेगळे, आणि प्रत्येक फॉन्टचा तुकड्यांचा हिशेब निराळा.

ते यंत्र आता कचेरीच्या कोपऱ्यात आहे. त्याला इंटरनेटची तार जोडलेली नाही. नोंदींच्या दोन प्रती दोन कपाटांत आहेत. एक अडचण उरली आहे. त्या तरुणाने संपूर्ण नावाला ठरावीक जागा ठेवली होती. इस्कीत जोडाक्षराला तीन-तीन जागा लागतात, त्यामुळे लांब नावांचे शेपूट मुळातच साठवले गेले नाही. आडनावे मध्येच थांबतात, काही तर पाय मोडलेल्या अक्षरावर. भिजलेल्या रजिस्टरांतून ती पुरी करता येत नाहीत आणि अंदाजाने आम्ही करणार नाही. १९९३ ते १९९८ या वर्षांत आमच्या शाळेत दाखल झालेल्यांपैकी कोणी दिवाळीला गावी आले असतील, तर त्यांनी सुट्टी संपताच सकाळी अकरानंतर कचेरीत यावे, सोबत जुना एखादा कागद आणावा आणि आपले आडनाव पुरे करून जावे.